वाळवीचं वार्षिक काँट्रॅक्ट चालू ठेवावं की बंद करावं? आधी बघा पैसे नेमके कशाचे जातायत

मला लिहून आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. तळमजल्याचं घर, बांधून अठरा वर्षं झालेली. सहा वर्षांपूर्वी विकत घेतलं तेव्हा आधीच्या मालकाचं वाळवीचं वार्षिक काँट्रॅक्ट चालू होतं, तेच पुढे चालू ठेवलं, दर वर्षी पैसे भरले, दर वर्षी एक माणूस येऊन "काही नाही, सगळं ओके" म्हणून सही घेऊन गेला, आणि आता रिन्यूअलची रक्कम वाढून आलीय. घरात एकाचं म्हणणं की सहा वर्षांत एक वाळवी दिसली नाही मग पैसे कशाला घालायचे, दुसऱ्याचं म्हणणं की पैसे भरतोय म्हणूनच दिसली नाही. यात बरोबर कोण?

खरं सांगायचं तर दोघांकडेही पुरावा नाही. दिसली नाही यावरून ती नाही असं ठरत नाही, आणि औषधामुळेच थांबली असंही ठरत नाही. मी या कामात बावीस वर्षं आहे, सुरुवातीची बरीच वर्षं हातात ड्रिल मशीन आणि पाठीला पंप, नंतर सुपरवायझर, आणि आता फक्त तपासणी करतो, घर बघून रिपोर्ट लिहून देतो, औषध विकत नाही की मारत नाही. त्यामुळे तुम्ही काँट्रॅक्ट ठेवलं काय आणि सोडलं काय, माझा त्यात काही फायदा नाही, म्हणून जरा मोकळेपणाने लिहितो.

"वाळवी प्रोटेक्शन" असं एकच नाव बिलावर असतं पण त्यात वेगवेगळ्या गोष्टी कालवलेल्या असतात. एक म्हणजे जमिनीत मारलेलं औषध. दुसरं म्हणजे दर वर्षी कोणीतरी येऊन नीट बघणं. तिसरं म्हणजे काही निघालं तर खर्च कोण करणार याचा लेखी शब्द. बहुतेक लोकांना वाटतं आपण औषधाचे पैसे भरतोय, पण ज्या वर्षी नवीन औषध मारलंच नाही त्या वर्षीचे पैसे औषधाचे कसे असतील? ते तपासणीचे आणि शब्दाचे असतात. मग तपासणी खरी होतेय का आणि शब्द कितपत पक्का आहे यावरच सगळा निर्णय आहे, माझ्या मते तरी.

आता वाळवी दिसत का नाही ते आधी समजून घ्या म्हणजे पुढचं सोपं जाईल. तिला बरेच जण पांढरी मुंगी म्हणतात पण मुंगीशी तिचं नातं नाही, ती झुरळाच्या कुळातली आहे, २००७ साली लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियममधल्या संशोधकांनी जनुकांवरून हे स्पष्ट दाखवलं. अंग मऊ, कातडी पातळ, कोरड्या उघड्या हवेत फार वेळ राहिली तर सुकून मरते. म्हणून जमिनीतली वाळवी उघड्यावर फिरत नाही, माती, लाळ आणि विष्ठा कालवून पेन्सिलीएवढ्या जाडीची नळी बांधते आणि त्यातूनच ये-जा करते. लाकडात शिरली की वरचा पापुद्रा शाबूत ठेवून आतलं मऊ लाकूड खाते, त्यामुळे रंग दिलेली दाराची चौकट बाहेरून नवीकोरी दिसते आणि अंगठ्याने दाबली की आत जाते. काँक्रीट ती खात नाही पण काँक्रीटमधली एखाद्या मिलिमीटरची भेग तिला पुरते, आणि जिथे पाइप फरशीतून वर येतो तिथे पाइपाभोवती एवढी फट जवळजवळ प्रत्येक घरात सापडते. ती फट बाथरूमच्या कडाप्प्यामागे नाहीतर किचनच्या कपाटात असते, म्हणजे जिथे आपण कधी वाकून बघत नाही तिथेच.

आणि हे सगळं हळू चालतं. पंखवाली जोडी जमिनीत शिरून नवीन वसाहत सुरू करते तेव्हा पहिल्या वर्षी पिल्लं अगदी मोजकी असतात, पुन्हा पंखवाल्या सोडण्याइतकी वसाहत मोठी व्हायला साधारण तीन ते पाच वर्षं लागतात. पण घराला बऱ्याचदा नवीन वसाहत लागत नाही, बाहेर आधीपासून असलेली मोठी वसाहत पसरत पसरत घरापर्यंत येते. काही जातींच्या वसाहतीत दहा लाखांच्या वर वाळव्या असतात आणि त्या अन्नासाठी शंभर मीटरपर्यंत जमिनीखालून जातात, म्हणजे शेजारच्या आवारातला तोडलेल्या झाडाचा बुंधासुद्धा तुमचा प्रश्न असू शकतो. सहा वर्षं काही दिसलं नाही याला मी "चांगली बातमी" म्हणेन, पण सातव्या वर्षाची खात्री म्हणणार नाही.

औषधाकडे येतो, कारण "एकदा मारलं की आयुष्यभराची काळजी मिटली" हा समज कुठून आला ते लोकांना माहीत नसतं. जुन्या पिढीत क्लोर्डेन, आल्ड्रिन, डिल्ड्रिन, हेप्टाक्लोर ही औषधं वापरली जायची, ती जमिनीत वीस-वीस वर्षं आणि त्याहून जास्त टिकायची, त्यामुळे तेव्हा एकदा मारून विसरून जाणं खरंच चालायचं. पण जी गोष्ट जमिनीत वीस वर्षं टिकते ती माणसाच्या शरीरात आणि पाण्यातही टिकते. अमेरिकेत क्लोर्डेन १९८८ साली पूर्ण बंद झालं, आणि २००१ च्या स्टॉकहोम करारात ही चारही औषधं जगभर हद्दपार करायच्या पहिल्या बारा रसायनांच्या यादीत गेली. ते योग्यच झालं. त्यानंतर आलेली औषधं, म्हणजे बायफेंथ्रिन, इमिडाक्लोप्रिड, फिप्रोनिल वगैरे, इतकी टिकत नाहीत. अमेरिकेत जमिनीत मारायच्या औषधाला परवानगी देताना किमान पाच वर्षं ते वाळवी अडवतं हे दाखवावं लागतं, आणि ती चाचणी तिथल्या वनखात्याच्या राखीव प्लॉटवर वेगवेगळ्या हवामानात घेतात. पाच वर्षांनंतर औषध लगेच संपतं असं नाही, काही ठिकाणी दहा वर्षंसुद्धा चालतं. पण त्या चाचणीच्या प्लॉटवर कोणी पाइपलाइनसाठी खोदत नाही, भिंतीला लागून फुलझाडांचा वाफा करत नाही, रोज पाणी सोडत नाही. तुमच्या घराभोवती हे सगळं होतं.

बायफेंथ्रिनच्या जातीची औषधं वाळवीला दूर पळवतात, तिला ती जाणवतात आणि ती वळसा घालते, पण वळसा घालता घालता कुठे औषध न पोचलेली चार बोटांची जागा सापडली की तिथून आत शिरते. इमिडाक्लोप्रिड आणि फिप्रोनिल तिला कळतच नाहीत, ती त्या मातीतून जाते, औषध अंगाला लागतं, लगेच मरत नाही, परत जाते आणि एकमेकींना चाटायची त्यांची सवय असते त्यातून ते बाकीच्यांना पण लागतं. म्हणून "औषध मारलं" एवढं उत्तर पुरत नाही, कुठलं मारलं, कधी मारलं आणि किती मारलं हे तिन्ही लागतं. किती, याचा एक अंदाज लक्षात ठेवा. भिंतीलगत चर खणून ट्रीटमेंट करताना दर एक मीटर लांबीला, साधारण तीस सेंटिमीटर खोलीसाठी, पाच लिटरच्या आसपास मिश्रण जमिनीत जायला पाहिजे. म्हणजे चाळीस मीटर घेराच्या घराला फक्त बाहेरच्या बाजूने दोनशे लिटर झाले, आतल्या ड्रिलिंगचं वेगळं. माणूस पाठीवरच्या एका पंपात अख्खं घर करून अर्ध्या तासात निघून गेला असेल तर त्याने वाळवीची ट्रीटमेंट केलेली नाही, स्कर्टिंगवर फवारणी केली. दर वर्षी अशी "वाळवीची फवारणी" विकणारे पुष्कळ आहेत आणि या पैशाला मी सरळ वाया म्हणतो, वरून शिंपडलेलं औषध जमिनीखालून येणाऱ्या वाळवीला अडवू शकत नाही.

दुसरी पद्धत बेट स्टेशनची, बेट म्हणजे इंग्रजीतलं आमिष. घराभोवती साधारण तीन-तीन मीटरवर जमिनीत प्लॅस्टिकच्या नळकांड्या पुरतात, त्यात वाळवीला आवडणारं खाद्य आणि त्यात अगदी कमी प्रमाणात हेक्साफ्लुम्युरॉन किंवा त्याच्या जातीचं औषध. फ्लोरिडा युनिव्हर्सिटीचे नान-याओ सू यांनी ही पद्धत उभी केली, १९९५ मध्ये ती बाजारात आली. वर झुरळाचं सांगितलं ना, त्याचा इथे संबंध आहे. मुंगी एकदा मोठी झाली की कात टाकत नाही, पण वाळवी झुरळासारखी टप्प्याटप्प्याने कात टाकत राहते, आणि हे औषध नवीन कातडी तयारच होऊ देत नाही. खाल्लं तेव्हा काही होत नाही, कात टाकायच्या वेळी मरते, तोवर ती इतरांना भरवून झालेली असते. असं करत काही महिन्यांत अख्खी वसाहत संपू शकते. पद्धत चांगली आहे, औषध कमी लागतं, फरशी फोडावी लागत नाही. पण हिचं एक आहे, बेट स्टेशनला कोणी उघडून बघितलं नाही, खाद्य संपलं, बुरशी लागली, मुंग्यांनी घर केलं, तर ती नुसती जमिनीत पुरलेली नळी उरते. त्यामुळे तुमच्याकडे बेट असेल तर वार्षिक पैसे भरावेच लागतात, ती पद्धतच त्यावर चालते. पैसे बंद म्हणजे संरक्षण त्याच दिवशी बंद नसलं तरी पुढच्या काही महिन्यांत बंद. जमिनीत औषध मारलेलं असेल तर मात्र काँट्रॅक्ट सोडल्याने जमिनीतलं औषध कुठे जात नाही, हा फरक रिन्यूअलच्या पत्रात कोणी लिहीत नाही.

आता तपासणीबद्दल, आणि यावर मी जरा जास्त लिहिणार आहे कारण माझ्या हातून एक चूक झाली ती मी अजून विसरलो नाही. एका घरात वार्षिक तपासणीला गेलो होतो, जुनी लाकडी फळ्यांची जमीन असलेलं घर, मागच्या खोलीत छतापर्यंत खोकी रचलेली. घरातल्या आजी म्हणाल्या खोकी हलवायला कोणी नाही, पुढच्या वेळी बघा. मी बाकीचं घर नीट बघितलं, काही नव्हतं, आणि फॉर्मवर "वाळवी नाही" लिहून निघालो. पुढच्या वर्षी दुसरा माणूस गेला, त्याने माझाच रिपोर्ट बघून तसंच लिहिलं. त्यानंतर काही महिन्यांनी त्या खोलीतली जमीन खोक्यांसकट खाली बसली. फळ्या, खालचे वासे, भिंतीतली लाकडाची पट्टी, सगळं पोकळ. नुकसान बघून कोणीही सांगू शकलं असतं की मी गेलो तेव्हासुद्धा ती तिथे होती. आजी मला काही बोलल्या नाहीत, बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं. तेव्हापासून माझ्या प्रत्येक रिपोर्टमध्ये पहिली ओळ "काय बघता आलं नाही" याची असते, आणि तुम्हाला मिळणाऱ्या रिपोर्टमध्ये ती ओळ नसेल तर त्या रिपोर्टवर विश्वास ठेवू नका, कारण सगळं बघता येईल असं घर मी आजवर बघितलेलं नाही.

खरी तपासणी कशी असते? मध्यम आकाराच्या घराला कमीत कमी पाऊण तास, बऱ्याचदा जास्त. माणसाकडे चांगला टॉर्च, टोच्या किंवा स्क्रू ड्रायव्हर आणि ओल मोजायचं मीटर पाहिजे. तो बाहेरून जोत्याच्या कडेने पूर्ण चक्कर मारतो, जमिनीची पातळी कुठे जोत्याच्या वर चढलीय का बघतो, भिंतीला टेकवलेली लाकडं, जुने दरवाजे, पुठ्ठे उचलून बघतो. आत आल्यावर प्रत्येक चौकटीचा तळ ठोकून बघतो, बाथरूमच्या पलीकडच्या भिंतीवरचं कपाट उघडतो, सिंकखाली वाकतो, माळ्यावर चढतो. तुमच्याकडे येणारा माणूस सही घेऊन दहा मिनिटांत जात असेल तर सहा वर्षं तुम्ही तपासणीचे पैसे भरले आणि तपासणी झालीच नाही, हे कटू आहे पण तसंच आहे. पुढच्या वेळी त्याच्याबरोबर फिरा. प्रत्येक खोलीत विचारा, इथे काय बघितलं. चांगला माणूस याने चिडत नाही, उलट खूश होतो.

आता लेखी शब्दाचं. काँट्रॅक्ट काढा आणि त्यात फक्त एक गोष्ट शोधा: वाळवी निघाली तर कंपनी काय करणार? बहुतेक कागदांवर लिहिलेलं असतं की कंपनी पुन्हा औषध मारून देईल. बस्स. खाल्लेली चौकट, बसलेली जमीन, पोखरलेलं वॉर्डरोब, हे सगळं तुमच्या खिशातून. दुसऱ्या प्रकारच्या काँट्रॅक्टमध्ये नवीन नुकसानीची दुरुस्तीसुद्धा येते, एका मर्यादेपर्यंत. पहिल्यापेक्षा हे महाग असतं आणि कंपन्या ते प्रत्येक घराला देत नाहीत. त्या आधी घर नीट तपासतात कारण पैसे त्यांचे जाणार असतात. माझा अनुभव असा की दुरुस्तीचा शब्द दिलेल्या घरात तपासणी आपोआप चांगली होते, कारण तपासणाऱ्याला कंपनीतून कोणीतरी विचारणारं असतं. घराचा विमा या नुकसानीला बहुतेक ठिकाणी पैसे देत नाही, कारण विम्याच्या दृष्टीने वाळवी म्हणजे अचानक आलेलं संकट नाही, देखभालीतला हलगर्जीपणा. त्यामुळे "विमा आहे ना" असं म्हणून सोडू नका, एकदा पॉलिसी उघडून वाचा.

अपवादांची यादी छोट्या अक्षरात असते तीही वाचा. पाण्याची गळती असेल तर जबाबदारी नाही, घरात बदल केले, ओटा वाढवला, नवीन खोली काढली तर नाही, लाकूड मातीला टेकलेलं असेल तर नाही. हे अपवाद पूर्ण चुकीचे नाहीत, गळती असेल तर औषध खरंच कमी टिकतं आणि वाळवीला ओल हवीच असते, पण मग गळती दिसल्यावर कंपनीने तुम्हाला लेखी कळवायला पाहिजे आणि दुरुस्तीला वेळ द्यायला पाहिजे, असं कलम आहे का बघा. एका कुटुंबाचं प्रकरण माझ्याकडे मत द्यायला आलं होतं, नऊ वर्षं न चुकता पैसे भरलेले, वाळवी निघाली तेव्हा कंपनीने बाथरूमच्या भिंतीतल्या जुन्या ओलीवर बोट ठेवलं आणि हात वर केले. ती ओल आधीच्या चार रिपोर्टमध्ये त्यांच्याच माणसाने "किरकोळ ओल" म्हणून लिहिलेली होती. मला त्या कागदांचा फार राग आला होता. एवढ्या वर्षांचे पैसे घेताना ओल किरकोळ आणि द्यायची वेळ आली की तीच कारण, असं कसं चालेल? पण कागदावर ते बसत होतं.

आणि सुक्या लाकडातल्या वाळवीचं काँट्रॅक्टमध्ये नाव आहे का बघा. ही वेगळी जात, तिला जमीन लागत नाही, ओल लागत नाही, ती थेट फर्निचरमध्ये किंवा छताच्या लाकडात राहते. तिची खूण म्हणजे खाली पडलेले बारीक दाणे, खसखशीएवढे, भिंगातून बघितले तर सहा पैलूंचे. नुसती पिठासारखी पावडर पडत असेल तर ती वाळवी नाही, लाकूड पोखरणारे भुंगे आहेत. जमिनीतलं औषध आणि बेट स्टेशन यांचा या सुक्या वाळवीवर आणि भुंग्यांवर काहीच परिणाम होत नाही. घराला धुरी दिली तर आतली सुकी वाळवी मरते पण धुरीचा परिणाम नंतर राहत नाही, उद्या नवीन जोडी येऊ शकते.

मग पैसे कोणी भरावेत? घर जमिनीवर आहे, आत झाकलेलं लाकूड भरपूर आहे, म्हणजे लाकडी जमीन, भिंतीला चिकटवलेलं पॅनेलिंग, बिल्ट-इन कपाटं, लाकडी छत, आजूबाजूला झाडं किंवा जुने बुंधे आहेत, आधी एकदा वाळवी निघालेली आहे, किंवा शेजारी निघालीय, तर चालू ठेवा. घरात वयस्कर माणसं एकटी राहतात, वाकून बघणारं कोणी नाही, किंवा घर वर्षातले बरेच महिने बंद असतं, तिथेही मी भरा असंच म्हणेन. बंद घरात वाळवीला अडवणारं काही नसतं, मी असं घर उघडलेलं बघितलंय की पुस्तकांचं अख्खं कपाट आतून मातीचं झालं होतं.

भरू नका असं मी कोणाला सांगतो? सगळं काँक्रीट आणि दगड-विटांचं घर, चौकटी धातूच्या किंवा दगडी, कपाटं भिंतीपासून सुटी आणि सरकवता येणारी, जोतं उंच आणि चारी बाजूंनी मोकळं दिसणारं, आणि घरातलं कोणीतरी वर्षातून दोनदा मनापासून बघायला तयार आहे. अशा घरात वाळवी आली तर लवकर दिसते आणि नुकसान एखाद्या वस्तूपुरतं राहतं. ते पैसे बाजूला टाका, वाळवी लागलीच तर त्यातून एकदा पूर्ण ट्रीटमेंट करून घ्या. वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटलाही स्वतंत्र काँट्रॅक्टची गरज सहसा नसते, पण पाइपांच्या डक्टमधून ती वर चढते हे मी सहाव्या-सातव्या मजल्यापर्यंत बघितलंय, तिथे इलाज एकट्या फ्लॅटचा नसतो, खालून पूर्ण इमारतीचा करावा लागतो.

हिशोब करताना लोक वर्षाची रक्कम बघतात आणि ती जास्त वाटते किंवा कमी वाटते. तसं करू नका. घरातलं सगळ्यात महागडं झाकलेलं लाकूड कुठलं ते ठरवा, ते काढून नवीन करायला काय लागेल याचा सुताराकडून अंदाज घ्या, आणि वार्षिक रकमेने त्याला भागा. उत्तर तीन-चार वर्षं आलं तर काँट्रॅक्ट महाग पडतंय. पंचवीस-तीस आलं आणि शब्द दुरुस्तीचा असेल तर मी विचार न करता भरेन. शब्द फक्त पुन्हा औषध मारायचा असेल तर या हिशोबाला अर्थच नाही, कारण लाकडाचे पैसे तसेही तुमचेच जाणार, तिथे फक्त तपासणीची किंमत बघा.

काँट्रॅक्ट असो नसो, घरच्यांनी बघायचं ते बघायलाच पाहिजे. पावसाच्या पहिल्या सरींनंतर संध्याकाळी दिव्याभोवती पंखवाले किडे येतात, ते बाहेरून आले तर फार काळजी नको, पण बंद खिडकीच्या आतल्या कट्ट्यावर, बाथरूमच्या कोपऱ्यात गळून पडलेले पंख सापडले तर ते घरातूनच निघालेत. चार पंख सारख्या लांबीचे आणि कंबर जाड असेल तर वाळवी, पुढचे पंख मोठे, कंबर बारीक आणि मिशा कोपरासारख्या वाकलेल्या असतील तर मुंगी. भिंतीवर मातीची रेघ दिसली तर घाईने पुसून टाकू नका. मधला बोटभर तुकडा तेवढा तोडा आणि चार-पाच दिवसांनी बघा, परत बांधली असेल तर रस्ता चालू आहे. नाही बांधली तरी वाळवी गेली असं समजू नका, ती दुसरीकडून रस्ता काढते. आणि दुकानातला स्प्रे तर मुळीच मारू नका, दिसतात त्या शंभर मरतात, बाकी वसाहत जागा बदलते आणि तपासायला येणाऱ्याला माग लागत नाही.

ओल हे तर मी प्रत्येक घरात सांगतो. एसीच्या पाण्याचा पाइप भिंतीच्या मुळाशी सोडलेला, पागोळीचं पाणी जोत्यावर पडतंय, कुंड्या भिंतीला चिकटून, बाथरूमच्या टाइल्सची फट उघडी. हे दुरुस्त करायला वाळवीवाल्याची गरज नाही, आणि याचा उपयोग कुठल्याही औषधाइतका होतो. लाकूड आणि माती यांच्यात निदान एक वीतभर अंतर ठेवा, भिंत आणि बागेची माती यांच्यात मोकळी पट्टी ठेवा म्हणजे नळी चढली तर दिसेल. १९५७ साली कॅलिफोर्नियात एबेलिंग आणि पेन्स या दोघांनी दाखवलं होतं की ठराविक आकाराची वाळू भरली तर वाळवी ती ओलांडू शकत नाही, दाणा तिला उचलता येत नाही इतका मोठा आणि दाण्यांमधली फट तिचं डोकं जाणार नाही इतकी बारीक. पुढे हवाईमध्ये याच कल्पनेवर बसाल्टच्या खडीचे थर घरांखाली घालू लागले. नवीन घर बांधत असाल तर असा थर किंवा पाइपांभोवती स्टीलची बारीक जाळी याची चौकशी जरूर करा, एकदाचा खर्च आहे, बांधकाम झाल्यावर ती संधी परत येत नाही.

तुमच्या घराचं सांगायचं तर अठरा वर्षांचं, तळमजल्याचं, आणि जमिनीत औषध केव्हा मारलं ते तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणजे तुम्हाला कंपनीने सांगितलेलं नाही. पहिलं काम तेच करा. कंपनीला लेखी विचारा, शेवटची ट्रीटमेंट कुठल्या तारखेला, कुठलं औषध, किती लिटर, कुठे कुठे ड्रिल केलं त्याचा नकाशा. हा रेकॉर्ड व्यवस्थित काम करणाऱ्याकडे असतोच. पाच-सात वर्षांच्या आत मारलेलं असेल तर घाबरायचं कारण नाही. त्याहून जुनं असेल तर वाढीव रक्कम देण्याआधी विचारा की या रकमेत नवीन ट्रीटमेंट धरलीय का, नसेल तर दर का वाढला.

काँट्रॅक्ट सोडायचं मनात असलं तरी ते चालू असतानाच सोडू नका, म्हणजे मुदत संपायच्या महिनाभर आधी त्याच काँट्रॅक्टखाली पूर्ण तपासणी करून घ्या, खोकी हलवून, कपाटं सरकवून, तुम्ही बरोबर उभं राहून. मुदतीत काही निघालं तर ती त्यांची जबाबदारी, मुदत संपल्यानंतर दुसऱ्या दिवशी निघालं तर तुमची. आणि एकदा खंड पडला की परत सुरू करताना बऱ्याच कंपन्या आधी नव्याने पूर्ण ट्रीटमेंट करायला लावतात, तोही खर्च हिशोबात धरा. घर पुढे-मागे विकायचं असेल तर काँट्रॅक्ट नवीन मालकाच्या नावावर होतं का तेही विचारून घ्या, तुमच्या बाबतीत ते आधीच्या मालकाकडून आलंय, म्हणजे नावावर झालंय की नुसते पैसे घेतले जातायत हे कागदावर बघा. मी दोन ठिकाणी असं बघितलंय की बिल नवीन माणसाच्या नावाने येत होतं आणि मूळ काँट्रॅक्ट अजून जुन्याच मालकाच्या नावावर होतं, वाळवी निघाल्यावर ते कळलं.

कागद सरळ असतील, शब्द दुरुस्तीचा असेल किंवा तसा करून देत असतील, तर वाढीव रक्कम असली तरी मी चालू ठेवा म्हणेन. फक्त पुन्हा औषध मारायचा शब्द आणि दहा मिनिटांची सही असेल, तर मुदतीआधीची तपासणी करून घ्या आणि सोडा, आणि त्यातल्या थोड्या पैशात दर वर्षी औषध न विकणारा एखादा तपासनीस लावा. त्याला आत घेण्याआधी मागच्या खोलीतलं सामान मात्र भिंतीपासून हातभर पुढे ओढून ठेवा.